पारलिंगी नायिकेला प्रेमकथा का नसावी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मराठी प्रेमकादंबरीच्या वाटचालीवर अलीकडे प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. फडक्यांपासून काकोडकरांपर्यंत आणि तिथून आजच्या मालिकांपर्यंतचा प्रवास लेखकाने नेमका टिपला आहे. मात्र लेखाच्या शेवटाकडे एक मत त्यांनी जाता जाता नोंदवले आहे. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींचे, म्हणजे जन्मतः मानलेल्या लिंगाहून ज्यांची लिंगओळख वेगळी आहे त्यांचे, जगणे इतके खडतर असते की त्यांच्याविषयीचे लेखन वेदनेचेच असणार, आणि त्या जगण्याला सुखान्त प्रेमकथेच्या साच्यात घालणे म्हणजे त्या वेदनेची थट्टा करणे होय, असा त्या मताचा आशय आहे. हे आपुलकीपोटी लिहिले गेले आहे यात शंका नाही. परंतु त्यातून निष्पन्न काय होते, तर ज्यांना घराने, शाळेने आणि नोकरीने दार लावून घेतले, त्यांना आता कादंबरीनेही ते लावून घ्यावे. म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची मुभा असावी.

माझ्यासमोर जे उदाहरण आहे ते अलेक्सिस हॉल यांच्या 'अ लेडी फॉर अ ड्यूक' या 2022 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीचे. कथानक इंग्लंडच्या रीजन्सी काळातले, म्हणजे तिसरा जॉर्ज राजा आजारी असल्यामुळे युवराज त्याच्या नावाने कारभार पाहत होता त्या 1811 ते 1820 या वर्षांतले आहे. 'ब्रिजर्टन' ही वेबमालिका आपल्याकडेही घरोघरी पाहिली गेल्यामुळे नाचाचे जलसे, बग्ग्या, उपवर मुलींना मिरवण्याचा लंडनचा हंगाम आणि जावई हेरत बसलेल्या आया यांची ओळख मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको. कादंबरीची नायिका व्हायोला कॅरल हिला उमराव घराण्याचा वारस मुलगा म्हणून वाढवले गेले. जिवलग मित्र जस्टिन डी व्हिअर, म्हणजे ग्रेसवुडचा ड्यूक, याच्याबरोबर ती नेपोलियनविरुद्धच्या युद्धात लढली, आणि जून 1815 मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर ती मेली असे सर्वांनी धरून चालले. ती वाचली होती. लोकांच्या त्या समजुतीचा आधार घेऊन तिने स्वतःचे, म्हणजे स्त्रीचे, आयुष्य सुरू केले. त्याची किंमत म्हणून उपाधी भावाकडे गेली, संपत्ती गेली, आणि तो मित्रही दुरावला. पुढे भावजय लेडी लुईझ हिची सोबतीण म्हणून राहणारी व्हायोला तिच्याबरोबर ड्यूकच्या किल्ल्यावर जाते, तेव्हा तिला दिसतो तो पायाने अधू झालेला, अफूच्या अर्काच्या आहारी गेलेला आणि मित्राच्या मृत्यूचे दुःख उराशी धरून जगापासून तुटलेला माणूस. ज्या मित्रासाठी तो झुरतो आहे, तो मित्र म्हणजे आपण, हे तिला ठाऊक आहे आणि त्याला नाही.

लेखकाचा पहिला शहाणपणा कादंबरी कोठून सुरू होते यातच दिसतो. पहिल्या पानावर व्हायोला ही व्हायोलाच आहे. निर्णयाची घालमेल, पहिल्यांदा झगा घालून पाहणे, घरच्यांचा धक्का, हे सगळे पुस्तक उघडण्यापूर्वीच घडून गेलेले आहे. पारलिंगी पात्र म्हटले की आपल्याकडच्या लेखकांना, आणि दिग्दर्शकांना तर विशेषच, आरसा, लाली आणि चोरून नेसलेली आईची साडी यांचा मोह आवरत नाही, कारण त्यांचे कुतूहल 'ही व्यक्ती अशी कशी झाली' या एका प्रश्नापाशी अडकलेले असते. हॉल यांना त्या प्रश्नात रस नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न कोणत्याही चांगल्या प्रेमकथेपुढे असतो तोच आहे: या दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे, मग ते एकमेकांना सांगण्याच्या आड काय येते? आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. व्हायोलाचे लहानपणचे पुरुषी नाव कादंबरी उच्चारत नाही. उमरावांमध्ये एकमेकांचा उल्लेख उपाधीने करण्याची रीत होती, त्यामुळे ड्यूक आपल्या गेलेल्या मित्राची आठवण काढतो ती 'मार्ली' या उपाधीने. जे नाव नायिकेने टाकून दिले ते वाचकाच्या हाती पडू नये ही काळजी लेखकाने त्या काळाच्या शिष्टाचारातूनच घेतली आहे, आणि वाचताना ती कोठेही ओढूनताणून आणलेली वाटत नाही. आपल्या वृत्तपत्रांतून पारलिंगी व्यक्तीविषयी बातमी देताना 'पूर्वाश्रमीचे' म्हणून जुने नाव कंसात छापण्याची सवय, क्षमा असावी, अजून गेलेली नाही. बातमीदाराला ती अचूकता वाटते, आणि ज्याच्याविषयी बातमी आहे त्याला चारचौघांत पदर ओढल्यासारखे वाटते.

कादंबरीचे खरे सामर्थ्य मात्र तिने उचललेल्या नैतिक प्रश्नात आहे. मित्र मेला असे समजून ड्यूकने स्वतःची धूळधाण करून घेतली. ती जिवंत होती, आणि तिने त्याला कळवले नाही. हा अपराध आहे की नाही? एखाद्या सामान्य लेखकाने येथे दोनपैकी एक वाट धरली असती. व्हायोलाचे स्त्री असणे हीच फसवणूक मानून तिला रडत क्षमा मागायला लावायचे आणि ड्यूकने ती मोठ्या मनाने द्यायची, ही झाली एक वाट, आणि ती पुष्कळांनी तुडवलेली आहे. तिने आधीच इतके सोसले आहे की तिच्या हातून काही चूक झाली असे म्हणणेच क्रूरपणाचे ठरेल, ही दुसरी. ती वरकरणी उदार दिसते, पण पात्राला माणूसपणातून उठवून देव्हाऱ्यात बसवते. हॉल यांनी या दोन गोष्टींची गल्लत होऊ दिलेली नाही. आपण कोण आहोत याबद्दल व्हायोला कोणाचीही क्षमा मागत नाही, आणि तिने ती मागावी अशी अपेक्षा लेखकाचीही नाही. मित्राला शोकात ढकलून आपण गप्प राहिलो याची बोच मात्र तिला आहे, त्याची क्षमा ती मागते, आणि ड्यूकचा रागही नेमका त्याच गोष्टीवर आहे. त्याला वाटते, तिने आपल्याला का सांगितले नाही? सांगितले असते तर तो तिला स्वीकारील याची हमी तिला कोणी दिली होती, हेही कादंबरी वाचकाला विसरू देत नाही. दोघांचेही बरोबर आहे आणि दोघांनाही लागले आहे. असा पेच जिथे असतो तिथे प्रेमकथा जिवंत होते, आणि तो येथे नायिकेच्या पारलिंगी असण्यामुळेच शक्य झाला आहे. त्या असण्याची कथेत अडगळ झालेली नाही.

ओळख पटण्याचा प्रसंग शेवटच्या प्रकरणापर्यंत ताणून धरलेला नाही, हेही महत्त्वाचे आहे. आपल्याकडच्या नाटक-सिनेमात, आणि इंग्रजीतही पूर्वी, पारलिंगी स्त्रीचे 'खरे रूप' उघडकीला येणे हा धक्क्याचा किंवा हशाचा क्षण म्हणून वापरला गेला. येथे ते रहस्य वाचकापासून कधीच दडवलेले नव्हते, आणि ड्यूकपासूनही ते फार काळ दडवून ठेवलेले नाही, कारण ते कळल्यानंतर दोघे काय करतात यातच लेखकाला खरा रस आहे.

किल्ल्यावरच्या दिवसांतला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. स्वतःची निगा राखणे सोडून दिलेल्या ड्यूकची दाढी व्हायोला करून देते. प्रसंग एवढाच. गालावर साबणाचा फेस, तिच्या हातात वस्तरा, आणि मान मागे टाकून गळा तिच्या स्वाधीन करून बसलेला तो. एकत्र वाढलेल्या दोन पुरुष मित्रांमध्ये ही मदत अगदी क्षुल्लक ठरली असती, कोणी तिच्याकडे लक्षही दिले नसते. पण त्या काळच्या अविवाहित स्त्रीने परपुरुषाच्या इतके निकट येणे ही केवढी मोठी गोष्ट होती. व्हायोलाने जे गमावले आणि जे मिळवले, ती दोन्ही त्या एका कृतीत एकाच वेळी हजर आहेत. आधीच्या मैत्रीतली सहजता गेली आहे आणि तिच्या जागी जे आले आहे त्याला अजून नाव नाही. लेखक येथे स्पष्टीकरण देत बसत नाही, वाचकाला मात्र पान उलटण्याआधी क्षणभर थांबावे लागते. सहानुभूतीचे दहा परिच्छेद लिहूनही हे साधले नसते.

जवळिकीची वर्णने कादंबरीत आहेत आणि ती प्रौढ वाचकासाठी आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. व्हायोलाला आपल्या शरीराची भीती आहे. त्याने पाहिले तर त्याच्या नजरेत आपण पुन्हा तो जुना मित्र होऊन बसू, ही ती भीती. त्यावर दोघे बोलतात, कोणत्या स्पर्शाने तिला बरे वाटते आणि कशाने नाही हे तो विचारतो, आणि हे विचारणे प्रसंगाचा रंग उतरवत नाही, उलट चढवते. त्याहून खोल जाणारा प्रश्न वारसाचा आहे. ड्यूकपदाला मुलगा हवा, आणि तो आपण देऊ शकत नाही, म्हणून ती स्वतःला त्याच्या आयुष्यातून बाजूला काढू पाहते. येथे मराठी वाचकाला इंग्लंडमधले काही परके वाटण्याचे कारण नाही; मूल होत नाही म्हणून स्वतःहून मागे सरणारी किंवा मागे सारली गेलेली स्त्री आपल्या कथा-कादंबऱ्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. फरक इतकाच की येथे त्या दुःखात एक पारलिंगी स्त्री इतर स्त्रियांच्या शेजारी येऊन बसते, आणि तिला 'तुझे दुःख वेगळे' असे कोणी सांगत नाही.

त्या काळात असे कोणी होते का, ही आजची फॅशन दोनशे वर्षे मागे नेऊन चिकटवली आहे, असा आक्षेप या प्रकारच्या पुस्तकांवर नेहमी घेतला जातो. ज्यांना तो घ्यायचा आहे त्यांनी शेव्हलिए देऑं यांचे चरित्र चाळावे. फ्रान्सच्या घोडदळात कप्तान, पंधराव्या लुईचे मुत्सद्दी आणि हेर असलेले हे गृहस्थ 1777 पासून 1810 मध्ये लंडनमध्ये मृत्यू येईपर्यंत स्त्री म्हणून जगले, आणि एप्रिल 1787 मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, काळ्या झग्यात प्रिन्स ऑफ वेल्ससमोर कार्लटन हाउसमध्ये तलवारीचे सामने खेळले. हा प्रिन्स ऑफ वेल्स तोच, जो पुढे रीजन्सीचा युवराज झाला. म्हणजे व्हायोला ज्या शहरात वावरते, त्याच शहरात वॉटर्लूच्या अवघी पाच वर्षे आधी एक सैनिक स्त्री म्हणून निवर्तला होता आणि सगळ्या लंडनला ते ठाऊक होते. उलट बाजूचे उदाहरण जेम्स बॅरी यांचे. जन्माने मुलगी मानलेले बॅरी 1813 साली ब्रिटिश सैन्यात डॉक्टर म्हणून भरती झाले, 1826 मध्ये केपटाउनला त्यांनी सिझेरियन करून आई आणि बाळ दोघांनाही वाचवले, आणि 1865 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पुरुष म्हणूनच जगले. या दोघांना आजची कोणती संज्ञा लावावी याबद्दल अभ्यासकांत वाद आहे आणि तो राहील; पण 'असे कोणी नव्हतेच' हे म्हणणे मात्र इतिहासाला धरून नाही.

भीतीही खोटी नव्हती. पुरुषा-पुरुषांतील शरीरसंबंधाबद्दल इंग्लंडमध्ये 1835 पर्यंत लोकांना फासावर चढवले जात होते, आणि फाशीची ही तरतूद 1861 पर्यंत कायद्यात होती. त्याच राज्यकर्त्यांनी 1860 च्या दंडविधानातले, अशा संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 आपल्या गळ्यात घातले, आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवून, नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेश करून लोकांसमोर येणे हाच दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा केला. कलम 377 मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले संबंध वगळले जायला आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 उजाडावा लागला. तेव्हा इंग्लंडमधल्या एका काल्पनिक ड्यूकची गोष्ट मराठी वाचकाने कशाला वाचावी, याचे एक उत्तर हेही आहे की त्याच्या देशाचे कायदे आपल्या अंगणात दीडशे वर्षे नांदले.

आता या कादंबरीविषयी माझी तक्रार. कथा लंडनला पोहोचल्यावर ड्यूकच्या बहिणीचे, मिरांडाचे, प्रकरण सुरू होते आणि तिच्या अपहरणाचा जो धागा येतो तो मला लांबलेला आणि काहीसा नाटकी वाटला. पहिल्या भागात दोन माणसे एका खोलीत बसून बोलतात तेव्हा जी धग आहे ती घोड्यांच्या टापांत विरून जाते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ड्यूकच्या तिजोरीमुळे पुष्कळ प्रश्न मिटतात. आपल्याकडे पंधरा-सोळाव्या वर्षी घरातून हाकलल्या गेलेल्या मुलीला ना किल्ला असतो ना ड्यूक. गुरूचा आसरा, बाजारातली मंगती, लोकलच्या डब्यात पसरलेला हात आणि पोलिसांची चिरीमिरी एवढेच वाट्याला येते. आपल्या पुरवणीतील लेखकाच्या मनात हेच वास्तव असणार, आणि ते नाकारण्याचे काही कारण नाही. परंतु याच कादंबरीत त्याला एक उत्तरही आहे, आणि ते ड्यूककडे नसून लेडी लुईझकडे आहे. ही बाई फटकळ आहे, कोणाला काय वाटेल याची तिला जराही पर्वा नाही, आणि म्हणूनच व्हायोलाशी ती जपून, हळुवारपणे, काचेचे भांडे हाताळल्यासारखी कधी वागत नाही. ती तिला नणंद मानते, तिच्यावर खेकसते, आपल्या कामाला जुंपते. घराने ठेवून घेतलेली पारलिंगी स्त्री प्रेमात पडण्याइतकी मोकळी असते, आणि घराने टाकलेलीला आधी रात्रीच्या निवाऱ्याची चिंता असते. हा फरक श्रीमंती-गरिबीचा जितका आहे तितकाच अशा एखाद्या भावजयीचा आहे. मराठी कादंबरीकाराला नालासोपाऱ्याच्या चाळीत किंवा मिरजेच्या वाड्यात अशी लुईझ सापडणार नाही असे मला वाटत नाही.

मराठीत या विषयावर लिहिले गेलेच नाही असे मुळीच नाही. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन मराठीत आले, वाचले गेले आणि इतर भाषांत गेले. दिशा पिंकी शेख यांच्या कवितेने तर सभ्य वाचकाला चांगलेच अस्वस्थ केले. ही आपली कमाई आहे. पण आत्मकथन आणि कविता यांच्यापुढे, म्हणजे कल्पित गोष्टीत, आपण काय केले ते पाहा. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाने 1981 साली मोठे धाडस केले, पण त्यातली सुमित्रा स्त्रीवर प्रेम करते आणि अखेर आत्महत्या करते. राजीव पाटील यांच्या 2009 च्या 'जोगवा' चित्रपटात जोगत्याची आणि जोगतिणीची प्रेमकथा आहे, आणि ती सुंदर आहे. मात्र तिचा नायक तायप्पा हा जबरदस्तीने लुगडे नेसवलेला पुरुष आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत प्रेमाचा विजय म्हणजे ते लुगडे टाकून देणे. चित्रपटाच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे, कारण तायप्पा पारलिंगी नाहीच. पण ज्या व्यक्तीला ते लुगडे आपले वाटते, जी ते उतरवणार नाही, आणि तरीही जिच्यावर कोणी जीव टाकतो, तिची गोष्ट त्यानंतरही लिहायची राहूनच गेली. (या चर्चेत बालगंधर्वांचे नाव हटकून घेतले जाते. ते अभिनयाचे थोर उदाहरण आहे, येथे त्याचा काही उपयोग नाही.)

वास्तवात मात्र अशा गोष्टी घडत आहेत. प्रत्येकाला आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी सांगितले. तमिळनाडूत थूथुकुडीच्या एका देवळात एका पुरुषाने पारलिंगी स्त्रीशी लग्न केले आणि निबंधकाने नोंदणी नाकारली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने 22 एप्रिल 2019 रोजी असा निर्णय दिला की हिंदू विवाह कायद्यातील वधू या संज्ञेत पारलिंगी स्त्रीही येते, आणि नोंदणी करण्याचा आदेश दिला. पुढे 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, पण त्याच निकालात स्त्री-पुरुष संबंधातील पारलिंगी व्यक्तींना प्रचलित कायद्यांखाली लग्न करता येते हे स्पष्ट केले. न्यायालय ज्यांना वधू म्हणते त्यांना कादंबरीने नायिका म्हणू नये, कारण ते फार सुखाचे दिसेल, हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्यांची वेदना आपण जपू पाहतो त्यांनी स्वतः लग्ने केली आहेत, संसार मांडले आहेत, भांडली आहेत, वेगळीही झाली आहेत. वेदनेची थट्टा होईल या भीतीने त्यांच्या सुखाची नोंद न घेणे, हा काही त्या वेदनेचा आदर नव्हे.

आमच्या शहरातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर मी काही काळ होते. पारलिंगी व्यक्तीचे आत्मचरित्र घ्यावे या सूचनेला कोणीही हरकत घेतली नव्हती, उलट 'अशी पुस्तके असायला हवीत' म्हणून ती एकमताने मान्य झाली. इंग्रजी विभागासाठी मी ही कादंबरी सुचवली तेव्हा मात्र खोलीतले वातावरण बदलले. कोण वाचणार, पालक काय म्हणतील, आणि शेवटी, हे जरा अश्लीलच नाही का? त्याच वाचनालयात स्त्री-पुरुषांच्या शृंगाराची वर्णने असलेल्या कादंबऱ्यांची कपाटे भरलेली आहेत आणि त्यांच्या पुठ्ठ्यांची शिवण हाताळून हाताळून उसवली आहे. दुःख भोगणारी पारलिंगी व्यक्ती समितीला चालत होती, प्रेम करणारी चालत नव्हती, आणि यातला विरोधाभास कोणाच्या लक्षातही आला नाही. सदस्य वाईट होते असे मी म्हणणार नाही. त्यातल्या दोघांनी नंतर एकट्यात मला पुस्तक मागितले.

अश्लीलतेचा मुद्दा निघालाच आहे तर आपल्याच घरातला इतिहास आठवावा. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, उच्च न्यायालयाने काकोडकरांना दोषी धरले, आणि अखेर 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. त्या वेळी ज्या कथेने सरकार हादरले ती आज कोणाला वाचायला दिली तर यात खटला भरण्यासारखे काय होते असाच प्रश्न पडेल. प्रेमकथा ही हलकी, भाड्याने आणून उशीखाली ठेवण्याची वस्तू मानली गेल्यामुळे तिच्यावर आधी पोलिसांची नजर राहिली आणि नंतर समीक्षकांनी नजरच टाकली नाही. आणि म्हणूनच आपल्याकडे या प्रकाराच्या कारागिरीविषयी, म्हणजे भेट, अडसर, ताटातूट आणि मीलन यांची वीण कशी घालायची याविषयी, गंभीरपणे कोणी बोलत नाही. सुखान्त हा या प्रकाराचा करार आहे. खुनाच्या गोष्टीत शेवटी खुनी सापडतो म्हणून आपण तिला खोटी म्हणत नाही. पारलिंगी नायिका जेव्हा या करारात येते तेव्हा वाचकाला पहिल्या पानापासून एक खात्री मिळते, की काहीही झाले तरी ही मुलगी शेवटच्या पानावर जिवंत असेल आणि तिच्यावर कोणाचे तरी प्रेम असेल. ज्या तरुण वाचकाने आजवर स्वतःसारखी पात्रे केवळ मरताना किंवा टाळ्या वाजवताना पाहिली, त्याच्यासाठी या खात्रीची किंमत काय असेल, हे आपण बाहेरच्यांनी ठरवू नये.

मराठी प्रकाशकांना माझी विनंती दोन कामांची आहे. अशा एखाद्या कादंबरीचा अनुवाद त्यांनी करून घ्यावा, आणि तो छापण्यापूर्वी पारलिंगी वाचकाकडून, योग्य मानधन देऊन, तपासून घ्यावा. शुद्धलेखन तपासायला आपण पैसे देतो, मग हे फुकट का मागावे? दुसरे, मराठीत लिहिणाऱ्या पारलिंगी लेखकाने हस्तलिखित आणले तर 'आत्मकथन लिहा, ते चालेल' असे सांगून त्याला परत पाठवू नये. कोणाला रहस्यकथा लिहायची असेल, कोणाला विनोदी, कोणाला पावसात अडकलेल्या दोघांची गोष्ट.

आणि मलपृष्ठावरच्या मजकुराविषयी एक सूचना. मूळ इंग्रजी पुस्तकाच्या मलपृष्ठावर पहिल्याच वाक्यात सांगितलेले आहे की वॉटर्लूवर मृत समजली गेलेली व्हायोला ती संधी साधून अखेर स्वतः म्हणून जगू लागली. त्यात दडवादडवी नाही, धक्का देण्याचा आव नाही, आणि वाचक त्यामुळे कमी झालेले नाहीत. मराठी आवृत्ती निघाली तर तिच्या पाठीवर 'एका धक्कादायक सत्याचा उलगडा' किंवा 'समाजाने नाकारलेल्या जीवाची करुण कहाणी' असे काही छापू नये. एका स्त्रीची आणि तिच्या जुन्या मित्राची प्रेमकथा, एवढे लिहिले तरी पुरे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सातारा